पाशाची निजायची खोली

सौदीहून परत आल्यापासून आमच्या श्रीवर्धनात मला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला सोन्याचा, दुसरा उंटाचा. सोनं मी दुकानाच्या काचेतून पाहिलं आणि उंट गाडीच्या काचेतून, त्यामुळे दोन्हींबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. मी स्वतः तिथे जे केलं, आणि तेही हाताने नव्हे तर पायाने, त्याबद्दल मात्र कोणीच विचारत नाही. मुलगी म्हणते, आई, ते कोणाला सांगू नकोस. म्हणून लिहिते आहे.

रियाध

माझी मुलगी मुग्धा आणि जावई रियाधला असतात. जावई बँकेत आहे, मुग्धा घरूनच कंपनीचं काम करते, आणि नात ईरा तिथल्या इंडियन शाळेत जाते. मी ईराशी मराठीत बोलते, ती मला इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचं उत्तम चालतं. जानेवारी होता. वाळवंटात जायचं म्हणून मी पातळ सुती साड्या भरल्या होत्या, आणि पहिल्याच संध्याकाळी जावयाचं स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून बसले. वाळवंटात थंडी असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुग्धाचं म्हणणं तिने तीनदा सांगितलं होतं.

रियाध मोठं आहे, इतकं मोठं की तिथे चालत कोणी कुठे जातच नाही. समोरच्या दुकानातून कोथिंबीर आणायची तरी गाडी काढतात, कारण मध्ये जो रस्ता आहे तो ओलांडण्यापेक्षा आमची खाडी पोहून जाणं सोपं. ईराने मला मेट्रोतून फिरवून आणलं. गाडीला ड्रायव्हरच नाही. मी सगळा वेळ पुढच्या काचेशी उभी राहून रुळांवर नजर ठेवली, कारण कोणीतरी ठेवायला हवी होती.

सगळं चकचकीत होतं, पण माती कुठे दिसेना. सुपारीच्या वाडीत जन्म गेलेल्या बाईच्या पायाला आठवडाभर माती लागली नाही की तिला कसंसंच व्हायला लागतं. मुग्धाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात एक हिरवीगार कुंडी होती, तेवढाच जिवाला आधार. तिला मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत होते. खालचा गालिचा भिजून वास मारायला लागला तेव्हा कळलं की झाड प्लास्टिकचं आहे. जावई काही बोलला नाही, चांगला मुलगा आहे. मुग्धा मात्र म्हणाली, "आई, तू थोडे दिवस नजमामावशीकडे जाऊन ये."

हुफूफ

नजमा माझी लहानपणची शेजारीण. आमच्या दोघींच्या वाड्या लागून होत्या आणि मध्ये विहीर एक. एक दिवस पाणी त्यांचं, एक दिवस आमचं. वाडी शिंपायचं काम मुलींकडे असायचं. पाटाला पाणी सुटलं की मातीचा छोटा बांध पायाने सारायचा, एका झाडाच्या आळ्यात पाणी घ्यायचं, आळं भरलं की पायानेच बांध पुन्हा लावायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचं. ही सवय पायात इतकी मुरते की कीर्तनाला बसलं तरी अंगठा हलत राहतो. आज पाळी कोणाची यावरून नजमा आणि मी रोज सकाळी कडाकडा भांडायचो आणि नंतर शाळेत एकाच बाकावर बसायचो. पुढे तिचं हमीदभाईंशी लग्न झालं आणि ती हुफूफला आली, ती तिथलीच झाली.

रियाधहून हुफूफला आगगाडी जाते. वाटेत वाळू आहे. तिचं वर्णन करत नाही, कारण खिडकीतून जे सुरुवातीला दिसलं तेच शेवटपर्यंत दिसत होतं. आणि मग एकदम, कोणी कापून चिकटवल्यासारखी, खजुरीच्या झाडांची काळपट हिरवी भिंत आली. माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं, तर शेजारच्या बाईने काळजीने मला पाण्याची बाटली दिली.

स्टेशनवर नजमाने मला कडकडून मिठी मारली आणि म्हणाली, "काय गो सुधे, केवढी म्हातारी झालीस."

"तू या पायघोळ काळ्या अबायात आहेस म्हणून तुझं दिसत नाही," मी म्हटलं. एवढं झाल्यावर आम्ही दोघी रडलो.

मी तिच्यासाठी आमसुलं आणि कुळथाचं पीठ नेलं होतं. पिठाची पिशवी तिने नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. जेवायला तिने तिथला हसावी तांदूळ केला होता. लालसर, जाड, घासाला गोडवा. मी म्हटलं, हा तर आपलाच लाल तांदूळ. "हळू बोल," नजमा म्हणाली, "इतल्या माणसांना वाटतं जगात फकस्त त्यांच्याकडंच पिकतो." सोबत खजूर घालून केलेली तांबूस भाकरी होती. तशा मी कोरड्याच तीन खाल्ल्या आणि चौथी उद्यासाठी म्हणून पदरात बांधली.

जेवताना हमीदभाईंनी दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितला. हमीदभाईंचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे. ते प्रथम इथे आले तेव्हा त्यांचे जे कफील होते, म्हणजे ज्यांच्या नावावर परदेशी माणूस इथे राहतो आणि काम करतो ते मालक, त्यांचा मुलगा खालिद. कफील वारले, पण घरोबा राहिला. त्या कुटुंबाची खजुरीची बाग म्हणजे गावातली नावाजलेली 'पाशाची बाग'.

"ताई, मामला नाजूक हाय," हमीदभाई म्हणाले. "खालिदच्या भावांना बाग तोडून तितं इस्तिराहा काढायचाय. इस्तिराहा म्हंजे लग्नाबिग्नाला भाड्यानं देतात तसली घरं, दिव्यांच्या माळा, पोहायचा टब. खालिद नाय म्हणतो. तो बोलतो, जुनी बाग तशीच ठेवू, पाहुणे उतरवू. उद्या रियाधहून जुनी ठिकाणं बघणारी सरकारी बाई येणार हाय. तिला पटलं की ही खरंच पाशाची बाग, तर झाडं वाचली. नाय पटलं, तर भाऊ दुसऱ्या दिवशी करवत घेऊन उभे."

"मग आपण कशाला मध्ये?" मी विचारलं.

"त्याची आई बोलली, माणसं असली की घर भरलेलं दिसतं. आपण बसायचं फकस्त."

हे 'फकस्त बसायचं' मी नीट ऐकायला हवं होतं.

पाशाची बाग

बागेचा इतिहास खालिदने आम्हाला सकाळी चालता चालता सांगितला आणि हमीदभाईंनी तो मराठीत आणला, तो असा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हा मुलूख तुर्कांकडे होता. त्यांचा सुभेदार हुफूफच्या किल्ल्यात राहायचा, त्याला सगळे पाशा म्हणत. परमुलखातला माणूस, उन्हाने हैराण, आणि खजुराचा भलताच शौकीन. त्याने आजूबाजूच्या लहान बागा एकेक करून आपल्या केल्या. कोणाची विकत घेतली, कोणाची सारा थकला म्हणून ओढली, कोणी स्वतःच भीतीने देऊन टाकली. बसऱ्याहून खजुरीची रोपं आणवली, खाली लिंबं आणि डाळिंबं लावली, आणि सगळ्या बागांची मिळून एक मोठी इस्टेट केली. झाडं लावणारे इथलेच, पाणी देणारे इथलेच, आणि बाग पाशाची. मग तुर्कांचं राज्य गेलं, पाशा उंटावर बसून बंदराकडे निघून गेला, आणि बाग फिरत फिरत खालिदच्या पणजोबांकडे आली. पुढे वाटण्या झाल्या आणि आता उरला तो एवढा तुकडा.

मला यात नवीन काही वाटलं नाही. आमच्याकडेही प्रत्येक डाकबंगल्यात कोणीतरी गोरा साहेब झोपून गेलेला असतो. खुर्ची मोडकी असेल तर ती साहेबाची, धड असेल तर सरकारची.

पण खालिदकडे खुर्ची नव्हती, अख्खी खोली होती. बागेच्या मधोमध, चार पायऱ्या उतरून जायची, अर्धी जमिनीत गेलेली. ही पाशाची निजायची खोली. खालिदने तिथे जाड गालिचा घातला होता, नक्षीचा लाकडी पलंग ठेवला होता, त्यावर गोंडे लावलेल्या उशा, कोपऱ्यात पितळी दिवा, आणि कोणी पलंगावर बसू नये म्हणून आडवी लावलेली सोनेरी दोरी. भिंतीत वर एक भोक होतं आणि समोरच्या भिंतीत खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, दुसरं.

खालिद रास तनुऱ्याच्या तेल कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला, मुळात अबोल माणूस. पण त्या खोलीत शिरल्यावर त्याचा आवाजच बदलला. वरचं भोक वाऱ्यासाठी, तो म्हणाला. आणि खालचं कॉफीसाठी. पाशाला सकाळी कॉफी प्यायल्याशिवाय माणसाचं तोंड बघवत नसे. म्हणून नोकर बाहेरून त्या भोकातून पेला आत सरकवायचा आणि पाशा झोपल्या झोपल्या हात लांब करायचा. एकदा नवीन नोकराने पेला उलट्या बाजूने सरकवला आणि पाशाच्या हाताला विंचू लागला की काय असं वाटून... गोष्ट लांब होती. सांगताना खालिदचे हात, भुवया, खांदे सगळं चाललं होतं. नजमा माझ्या कानाशी म्हणाली, "हुबेहूब त्याचा बाप. तो असाच सांगायचा."

मी खोलीच्या भिंतीवरून हात फिरवला. गुळगुळीत होती, चुन्याचा सुरेख गिलावा. निजायच्या खोलीला इतका गिलावा कशाला, असं मनात आलं आणि निघून गेलं.

मग पुरुष मंडळी पुरुषांच्या बैठकीत गेली, नजमा आत स्वैपाकाला हात लावायला गेली, आणि मी बागेत एकटी राहिले. आता जे झालं ते वाडीवाल्या माणसाला समजेल, इतरांनी समजून घ्यावं. सिमेंटच्या पाटाला पाणी चालू होतं, त्या दिवशी खालिदची पाळी होती. पाट झुळझुळ वाहत होता आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर एक लिंबाचं झाड पानं गुंडाळून उभं होतं. आळं कोरडं ठणठणीत. मध्ये फक्त माती आणि गोणपाट कोंबून केलेला बोळा. वाहतं पाणी आणि तहानलेलं झाड यांच्यामध्ये मी आयुष्यात कधी नुसती उभी राहिलेली नाही. मी बूट काढले, साडी खोचली आणि पायाने बोळा सारला. किती दिवसांनी पायाला ओली माती लागली होती, डोळे मिटून घेतले मी. आळं भरेपर्यंत थांबणार होते, तेवढ्यात नजमाने जेवायला हाक मारली.

बोळा परत लावायला हवा होता. तो मी लावला नाही. नजमाचं आणि माझं लहानपणही असंच, तिची हाक आली की माझं काम अर्धवट राहायचं. पण याचा दोष मी तिला देत नाही, कारण ती हे वाचणार आहे.

बायकांची बैठक

खालिदची आई उम्म खालिद. चिमणीएवढी म्हातारी, मेंदीने लाल झालेले हात, गुडघ्याशी कॉफीची किटली. कॉफी म्हणजे वेलदोड्याचं पिवळसर कडू पाणी, इवल्याशा पेल्यातून. आम्हाला शिकवलेलं, की दिलेलं टाकायचं नाही. त्यांना शिकवलेलं, की पाहुण्याचा पेला रिकामा ठेवायचा नाही. मी संपवायची, ती भरायची. पेला हातात जरा हलवला की 'पुरे' असा अर्थ होतो, हे नजमाने मला सांगितलं तेव्हा माझे कान वाजायला लागले होते.

म्हातारीला कळलं की मी वाडीवाली आहे, मग तिने मला सोडलं नाही. नजमा मध्ये बसून भाषा करत होती. झाडं कोणती? पाणी कुठलं? पाळी कशी ठरते? मी विहिरीचं सांगितलं, नजमाशी होणारी भांडणं सांगितली. ती म्हणाली, तिच्या लहानपणी इथे झरे होते, जमिनीतून आपोआप वर येणारे. दिवसा सावलीवर आणि रात्री चांदण्यांवर पाळ्या मोजायचे. तरी मारामाऱ्या व्हायच्याच. ढग आले की प्रत्येकाची चांदणी वेगळी. मी हसले, ती हसली. भाषेवाचून मला कोणी इतकं आपलं वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "तुमची पाशाची खोली पाहिली. छान थंड आहे. गिलावा तर फारच सुंदर."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, किटली खाली ठेवली, आणि पदरासारखं काहीतरी तोंडावर घेऊन तिचे खांदे हलायला लागले.

"खोकला हाय त्यांना," नजमा म्हणाली.

खोकला नव्हता. पण विचारायला वेळ मिळाला नाही, कारण बाहेर हमीदभाईंची आरोळी ऐकू आली. "पानी. पानी भरलं."

खोलीत

आम्ही धावलो. रियाधची सरकारी बाई नुकतीच पोचली होती. नाव नूरा, वय मुग्धापेक्षा कमी, काळा अबाया, पायात खेळाचे बूट, हातात टॉर्च. ती वरच्या पायरीवर उभी होती. तिच्या शेजारी खालिद. आणि समोर पाशाच्या निजायच्या खोलीत गुडघाभर पाणी. पितळी दिवा बुडाला होता, गोंड्याच्या उशा बदकांसारख्या तरंगत होत्या, सोनेरी दोरी तेवढी कोरडी होती.

सगळ्यात वाईट म्हणजे वाऱ्याच्या भोकातून पाण्याची जाड धार आत पडत होती आणि कॉफीच्या भोकातून तितकंच पाणी शांतपणे बाहेर जात होतं. इतकं शिस्तीत, की जणू कालच बंद पडलेलं आज चालू झालं. लिंबाचं आळं भरून पाणी पुढे निघालं होतं, आणि पाचोळ्याखाली दडलेल्या कुठल्याशा जुन्या दगडी पन्हळीने त्याला सरळ इथे आणून सोडलं होतं.

नजमाने एकदा पाण्याकडे पाहिलं आणि एकदा माझ्या पायांच्या नखांत राहिलेल्या चिखलाकडे.

"काय गो सुधे," ती म्हणाली, "इतं पण पाट फोडलास?"

मी सांगून टाकलं. हमीदभाईंनी ते खालिदला अरबीत सांगितलं. मी एक वाक्य बोलले होते, त्यांना बराच वेळ लागला, आणि त्यात 'हिंद' हा शब्द दोनदा आला, म्हणजे त्यांनी सगळ्या देशावर घालून मला वाचवलं असावं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. एका माणसाची बाग जाणार होती, आणि ती माझ्या पायामुळे.

नूरा मात्र खाली बसली होती. तिने अबाया आवरला, पाण्यात हात घातला, टॉर्चने गिलाव्याची कड पाहिली, एक भोक पाहिलं, दुसरं पाहिलं. मग ती हळूच काहीतरी म्हणाली. हमीदभाईंनी आम्हाला सांगितलं. "ती बोलते, ही खोली नाय. हौद हाय."

मी कपाळाला हात लावला. हौदच तो. माझ्या परसात तसाच आहे, लहान.

नूराचं बोलणं पुढे असं, की ती ज्या ज्या जुन्या बागेत जाते तिथे पाशा झोपलेला असतो. एवढ्या खोल्यांत झोपायचं तर त्याला राज्य करायला वेळच उरला नसता. म्हणून खालिदचं निजायच्या खोलीचं पत्र आलं तेव्हा तिने फारशी आशा धरली नव्हती. पण एवढा मोठा, चुनेगच्ची हौद लहान शेतकऱ्याला बांधून परवडत नाही. तो अनेक बागा एकत्र केलेल्या मोठ्या इस्टेटीचाच असणार. आणि अशा हौदात पन्हळीने पाणी येताना तिने आजवर पाहिलं नव्हतं. "ही बाग मोठ्या मालकाची होती, हे मी आता खात्रीने सांगू शकते," ती म्हणाली. "हिला कोणी हात लावणार नाही, एवढं मी बघते."

हमीदभाईंनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं. नजमाने माझा हात दाबला. मी खालिदकडे पाहिलं, आणि मला बरं वाटेनासं झालं.

तो पाण्यात उतरला होता. एक भिजलेली उशी छातीशी धरून उभा होता. झाडं वाचली होती, पण त्याचा चेहरा सगळं गेल्यासारखा होता. त्याने जे विचारलं ते हमीदभाईंनी लगेच सांगितलं नाही, मागाहून सांगितलं. त्याने विचारलं होतं, "म्हणजे माझे वडील मला आयुष्यभर खोटं सांगत होते?"

मला वाटलं, तो बोळा मी वेळेवर परत लावला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात उम्म खालिद काठी टेकत आली. तिने पाण्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तो विसरणार नाही. नजमाच्या खांद्याला धरून ती वरच्या पायरीवर बसली. नजमा माझ्या कानाशी एकेक वाक्य सांगत राहिली.

"यात मी पोहायला शिकले, खालचं भोक बुजवलं की गळ्याएवढं पाणी भरायचं," म्हातारी म्हणाली.

"तुला माहीत होतं?" खालिद म्हणाला. "मग बाबांना कधी सांगितलं का नाहीस?"

"त्यांना काय सांगायचं? आम्ही लग्नाआधी चुलत भावंडं. याच पाण्यात त्यांनी मला ढकललं होतं. मी त्यांना चावले होते."

"मग पाशा? कॉफी? तो नोकर?"

"झरे आटले, हौद कोरडा पडला, तेव्हा तू पाळण्यात होतास. एक दिवस पाहुणे आले, आणि तुझ्या बाबांनी पाशा काढला. मी आतून ऐकत होते. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत विसरतील. हौद दाखवला की माणसं बघतात आणि निघून जातात. पाशा दाखवला की बसतात. तुझ्या बापाला घरात माणसं बसलेली आवडायची. मला तो बोलताना आवडायचा. खोटं कोणाला सांगितलं त्याने? मला तर नाही."

पाणी पडत होतं. खालिदने हातातली उशी पिळली, पायरीवर ठेवली आणि तसाच, गुडघ्याएवढ्या पाण्यात, आईच्या पायाशी बसला. हमीदभाई बसले. मी बसले. नूराने घड्याळ पाहिलं, तिची परतीची गाडी होती, आणि मग तीही अबाया सावरून आमच्यात बसली.

"तो नवीन नोकर," तिने खालिदला विचारलं, "त्याने पेला उलटा सरकवला, मग काय झालं?"

खालिदने आधी आईकडे पाहिलं. मग डोळे पुसले, हात उचलले, भुवया वर नेल्या, आणि सांगायला सुरुवात केली.